एकास बहात्तर : प्लॅस्टिकच्या हेलिकॉप्टरमधले गणित

प्रतिकृतीचे खोके हातात आले की मुले आधी वरचे रंगीत चित्र डोळे भरून पाहतात आणि लगेच आतले भाग चौकटीतून तोडायला घेतात. खोक्याच्या कोपऱ्यात १/७२ असा एक अपूर्णांक छापलेला असतो, त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. विद्यार्थी मित्रांनो, आज आपण उलट्या क्रमाने जाऊ. भाग तोडण्याआधी या अपूर्णांकाशी थोडी झटापट करू, कारण सबंध प्रतिकृती त्याच्या पोटात दडलेली आहे.

उदाहरणासाठी रशियन मि-२४ हे लढाऊ हेलिकॉप्टर घेऊ. वर्तमानपत्रांत आपण ‘एमआय-१७’ वगैरे वाचतो, पण रशियन भाषेत त्या अक्षरांचा उच्चार ‘मि’ असा आहे आणि ती मिखाईल मिल या अभियंत्याच्या आडनावाची सुरुवात आहे. मिल यांचा जन्म १९०९ साली सायबेरियातील इर्कुत्स्क शहरात झाला. बारा वर्षांचे असताना त्यांनी ग्लायडरची प्रतिकृती बनवून स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला होता. म्हणजे आपल्या आजच्या विषयाची सुरुवात एका शाळकरी मुलाच्या प्रतिकृतीपासूनच झाली असे म्हणायला हरकत नाही! मि-२४ पहिल्यांदा उडाले ते सप्टेंबर १९६९ मध्ये, आणि जानेवारी १९७० मध्ये मिल वारले. भारतीय हवाई दलाने १९८४ मध्ये मि-२५ आणि १९९० मध्ये मि-३५ ही हेलिकॉप्टरे घेतली, ती या मि-२४ चीच निर्यातीसाठी बनवलेली रूपे होत. मि-४, मि-८, मि-१७ आणि महाकाय मि-२६ हीसुद्धा आपल्या हवाई दलात आली. तेव्हा ही हेलिकॉप्टरे परदेशी असली तरी आपल्याला अगदी परकी नाहीत.

मॉस्कोजवळच्या लोब्न्या गावातील झ्वेझ्दा ही कंपनी, तसेच जपान, जर्मनी, इटली येथील कंपन्या मि-२४ चे संच बनवतात. संच कोणताही असो, खोके उघडले की राखाडी प्लॅस्टिकच्या दोन-तीन चौकटी, खिडक्यांसाठी एक पारदर्शक चौकट, पाण्यात भिजवून उतरवायची चिन्हे आणि जोडणीचा तक्ता एवढे सामान निघते.

बहात्तरच का?

प्रमाण १/७२ म्हणजे खऱ्या वस्तूची प्रत्येक लांबी ७२ ने भागलेली. शंभर किंवा पन्नास असा सरळ आकडा न घेता बहात्तर का घेतला? याचे उत्तर इंचफुटांत आहे. एका फुटात १२ इंच, सहा फुटांत ७२ इंच. म्हणून या प्रमाणात सहा फूट उंचीचा माणूस बरोबर एक इंच उंच होतो. ब्रिटनमधील फ्रॉग या कंपनीने १९३६ मध्ये याच प्रमाणात प्लॅस्टिकचे जोडणी-संच विकायला काढले. पुढे दुसऱ्या महायुद्धात हे प्रमाण पक्के रुजले. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने शाळांना चक्क पाच लाख विमान-प्रतिकृती बनवून मागितल्या : ५० प्रकारची विमाने, सगळी १/७२ प्रमाणात, लाकडातून कोरलेली. आकाशात दिसणारे विमान आपले की शत्रूचे हे सैनिकांना क्षणात ओळखता यावे म्हणून ती हवी होती. ३६ फुटांवर धरलेली प्रतिकृती अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढीच दिसते, हे तुम्ही स्वतः गुणाकार करून ताडून पाहा. त्या कामात पंखाचा आकार चुकला तर नुसते गुण कापले जाणार नव्हते, कोणाचा तरी जीव जाणार होता.

आता पट्टी घ्या. मि-२४ च्या मुख्य पंख्याचा व्यास १७.३ मीटर आहे. त्याला ७२ ने भागले की २४० मिलिमीटर येतात. संचातले एक पाते मध्यभागाच्या तबकडीला लावून पाहा. केंद्रापासून टोकापर्यंत १२० मिलिमीटर भरायला हवे. पंखे वगळून हेलिकॉप्टरची लांबी सुमारे साडेसतरा मीटर आहे, म्हणजे प्रतिकृती सुमारे २४३ मिलिमीटर हवी. दोन-तीन मिलिमीटरचा फरक आला तर आधी आपलेच माप पुन्हा घ्या. तिसऱ्या वेळीही तेच आले तर मात्र साचा बनवणाऱ्याची चूक आहे असे खुशाल समजा. छापलेली वस्तू बरोबरच असते असा काही नियम नाही.

मापे घेता घेता एक गंमत लक्षात येईल. हेलिकॉप्टरच्या अंगाचे प्लॅस्टिक सुमारे एक मिलिमीटर जाड असते. त्याला ७२ ने गुणा. खऱ्या हेलिकॉप्टरचे अंग इतके जाड असते तर ते सात सेंटिमीटरपेक्षा जाड, जुन्या वाड्याच्या दिंडीदरवाज्यासारखे झाले असते! प्रत्यक्षात त्याचा पत्रा एक-दोन मिलिमीटरचा असतो. तसेच पत्र्यांच्या जोडांसाठी कोरलेल्या बारीक रेघा. अशी रेघ ०.२ मिलिमीटर रुंद असली तरी खऱ्या मापात ती १४ मिलिमीटरची फट होते. म्हणून त्या रेघांत काळाकुट्ट रंग भरणाऱ्यांचे हेलिकॉप्टर फरशी बसवल्यासारखे दिसते. पुसट राखाडी पुरे.

लांबी ७२ पट, वजन किती पट?

लांबी ७२ पट घटली की क्षेत्रफळ ७२ च्या वर्गाने, म्हणजे ५,१८४ पट घटते आणि घनफळ ७२ च्या घनाने, म्हणजे ३,७३,२४८ पट. वजन घनफळाबरोबर जाते. मि-२४ जास्तीत जास्त १२,००० किलोग्रॅम वजनासह उडू शकते. भागाकार केला तर १/७२ प्रतिकृतीचे वजन फक्त ३२ ग्रॅम यायला हवे! आपली जोडलेली प्रतिकृती शाळेच्या प्रयोगशाळेतील तराजूत टाकून पाहा. ती याहून जड भरेल. कारण आत्ताच पाहिले : तिचे अंग प्रमाणापेक्षा कितीतरी जाड आहे.

या वर्ग-घनाच्या खेळाकडे पहिल्यांदा नीट लक्ष वेधले ते गॅलिलिओने, १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात. लहान प्राण्याचे हाड सगळ्या बाजूंनी सारखेच मोठे करून हत्तीला चालणार नाही, ते प्रमाणाबाहेर जाडच करावे लागेल, असे त्याने दाखवले. प्रतिकृती जोडणाऱ्याला हा नियम नेमका उलट्या बाजूने भेटतो, आणि तो भेटतो पात्यांत.

उभ्या असलेल्या हेलिकॉप्टरचे छायाचित्र पाहा. पंख्याची पाती टोकांकडे खाली झुकलेली असतात, केळीची जुनी पाने झुकतात तशी. संचातली पाती मात्र ताठ सरळ. असे का? एकाच बांबूतून चिरलेली वीतभर काडी आणि तिच्याच घडणीची, पण लांबी-रुंदी-जाडी सगळेच वीसपट असलेली काठी मनात आणा. दोन्ही एका टोकाशी धरून आडव्या करा. काडी सरळ राहील, काठी वाकेल. लांबीच्या मानाने किती वाकायचे हे आकाराबरोबर वाढत जाते. वस्तू ७२ पट लहान केली की तिचा हा सापेक्ष झोकही ७२ पट कमी होतो. पॉलिस्टायरीन हे आपले प्लॅस्टिक ॲल्युमिनिअमच्या मानाने लवचीक आहे हे खरे. ॲल्युमिनिअम त्याच्यापेक्षा वीसपटीहून अधिक ताठ, पण वजनालाही अडीचपटीहून जड. दोन्ही लक्षात घेतले तर प्लॅस्टिकमुळे झोक सुमारे नऊपट वाढतो आणि आकारामुळे ७२ पट घटतो. म्हणजे भरीव पाती धरून केलेल्या या ढोबळ हिशेबाने प्रतिकृतीचा झोक खऱ्याच्या आठव्या हिश्श्यावर येतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. निसर्ग जे करणार नाही ते आपल्याला हाताने करावे लागते.

हे काम सोपे आहे. पॉलिस्टायरीन सुमारे १०० अंश सेल्सिअसला मऊ पडते. पाणी उकळून भांडे शेगडीवरून खाली उतरवा, हे मोठ्या माणसाला जवळ बसवूनच. पाते चिमट्याने धरून पाण्यात बुडवा, बाहेर काढून बोटांनी हलकेच वाकवा आणि लगेच गार पाण्यात सोडा. एकदम वाकवू नका, दोन-तीन वेळा थोडे थोडे करा. किती झोक द्यायचा याचा आकडा मी देत नाही. बाजूने काढलेले एखादे चांगले छायाचित्र मिळवा, त्यावर पट्टी ठेवून पात्याची लांबी व टोकाचा झोक मोजा आणि त्रैराशिक मांडा. पाचही पाती सारखी वाकायला हवीत, म्हणून जाड पुठ्ठ्यावर एक वक्र रेघ काढून प्रत्येक पाते तिच्याशी ताडून पाहा.

उडणारे हेलिकॉप्टर दाखवायचे असेल तर गोष्ट बदलते. मि-२४ चा पंखा मिनिटाला सुमारे २४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला चार. परीघ ५४ मीटरांच्या वर. तेव्हा टोकाचा वेग सेकंदाला २१७ मीटर झाला. वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागून टोकाचे त्वरण काढा. ते गुरुत्वत्वरणाच्या साडेपाचशे पट येते! टोकाजवळचा एक किलोग्रॅमचा तुकडा साडेपाचशे किलोग्रॅम वजनाइतक्या जोराने बाहेर ओढ घेतो. या ओढीने पाती ताठ होतात, आणि हेलिकॉप्टरचा सारा भार ती उचलत असल्याने टोके थोडी वरच उचलली जातात. चाके जमिनीवर, आत वैमानिक नाही आणि पाती मात्र वर उचललेली, अशा प्रतिकृती प्रदर्शनांत पुष्कळ दिसतात. परीक्षकांनी त्यांना बक्षिसे दिलेलीही दिसतात!

तिरके उभे राहणारे हेलिकॉप्टर

पाती चिकटवताना आणखी एक पाहायचे. पात्याची एक कड बोथट व दुसरी निमुळती असते. बोथट कड पुढे चालते. मिल यांच्या हेलिकॉप्टरांचा पंखा वरून पाहिले असता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. अमेरिकन हेलिकॉप्टरांचा बहुधा उलटा. तुमच्या संचातली पाती उलटी बसली तर ते हेलिकॉप्टर जन्मभर जमिनीवर राहील.

पंखा एका दिशेने फिरला की न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे अंग उलट दिशेने फिरू पाहते. फिरत्या खुर्चीवर पाय उचलून बसा आणि दोन्ही हात झटकन उजवीकडे फिरवा, खुर्ची डावीकडे वळेल. मि-२४ चे नाक असे डावीकडे आणि शेपूट उजवीकडे जाऊ पाहते. त्याला अडवायला शेपटीचा छोटा पंखा शेपूट डावीकडे ढकलतो. पण यातून नवीच अडचण उभी राहते. हवेत एका जागी तरंगताना हा डावीकडचा जोर साऱ्या हेलिकॉप्टरलाच हळूहळू डावीकडे सरकवतो. उपाय म्हणून मि-२४ चा मुख्य पंखा अंगाच्या मानाने अडीच अंश उजवीकडे कलता बसवला आहे, म्हणजे त्याच्या उचलीचा थोडा अंश उजवीकडे ओढतो. मग जमिनीवर पंखा कलता राहू नये म्हणून चाकांची रचना अशी केली, की पंखा सपाट राहतो आणि अंग डावीकडे झुकते!

हे ऐकून गंमत वाटेल, पण खरे मि-२४ जमिनीवर सरळ उभे राहत नाही. समोरून घेतलेली छायाचित्रे पाहा. आखूड पंखांच्या दोन टोकांमधले अंतर सुमारे साडेसहा मीटर, प्रतिकृतीत ९० मिलिमीटर. अडीच अंशांची स्पर्शज्या ०.०४४ धरली तर डावे टोक उजव्यापेक्षा सुमारे ४ मिलिमीटर खाली यायला हवे. पाणसळ लावून अगदी समतल बसवलेली प्रतिकृती इथे चुकीची ठरते. कारागिराच्या हाताला समतलाची इतकी सवय असते की ही चूक भले भले करतात.

शेपटीच्या पंख्याने एक ओळखण्याची खूणही दिली आहे. मि-८ आणि मि-१७ दुरून अगदी जुळी भावंडे वाटतात. मि-८ चा शेपटीचा पंखा उजव्या बाजूला असतो, मि-१७ चा डाव्या बाजूला. दोन्हींत तो शेपूट डावीकडेच ढकलतो. २६ जानेवारीच्या संचलनात वरून जाणारी हेलिकॉप्टरे दूरदर्शनवर दिसली तर ही खूण शोधा. आणि ज्यांना शेपटीचा पंखाच नको होता त्या कामोव्ह यांनी एकाच दांड्यावर एकावर एक असे दोन पंखे उलटसुलट दिशांनी फिरवले. एकाची प्रतिक्रिया दुसऱ्याने खोडली. अशी कामोव्ह हेलिकॉप्टरे आपल्या नौदलात आहेत, आणि गोव्यातील ‘आय.एन.एस. हंसा’ या तळाशी त्यांचा जुना संबंध आहे.

मि-२४ च्या आखूड पंखांची गोष्टही याच पंख्याशी जोडलेली आहे. हेलिकॉप्टर ताशी ३३५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ९३ मीटर वेगाने जाताना पुढे येणाऱ्या पात्याच्या टोकाला २१७ अधिक ९३, म्हणजे ३१० मीटर वेगाची हवा लागते. ध्वनीचा वेग ३४० च्या आसपास! मागे जाणाऱ्या पात्याला मात्र २१७ उणे ९३, म्हणजे १२४ चीच. एक बाजू ध्वनीच्या वेगाला भिडायला आलेली, दुसरी उचल द्यायला कष्टी. म्हणून वेगात असताना भाराचा काही भाग, चौथ्या हिश्श्यापर्यंत, हे आखूड पंख उचलतात. सुरुवातीला ते सरळ आडवे होते. उडताना हेलिकॉप्टर डोलू लागले, तेव्हा ते १२ अंश खाली झुकवले. पुठ्ठ्याचा १२ अंशांचा कोन कापून तो पंखाखाली टेकू म्हणून ठेवा आणि जोड वाळेपर्यंत हलवू नका. १९७५ मध्ये गालिना रास्तोर्गुयेवा आणि ल्युदमिला पोल्यान्स्काया या दोघींनी याच हेलिकॉप्टरच्या एका रूपात महिलांचा वेगाचा विक्रम केला, ताशी ३४१ किलोमीटर. १९७८ मध्ये खास हलक्या केलेल्या यंत्राने ३६८ पर्यंत मजल मारली.

चिकटवणे की वितळवणे?

प्रतिकृतीच्या द्रावाला आपण गोंद म्हणतो, पण तो गोंद नव्हे. पॉलिस्टायरीन हे बहुवारिक आहे : लांबच लांब रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या, शेवयांच्या ताटासारख्या. द्राव लावला की पृष्ठभागावरच्या साखळ्या सुट्या होतात, दोन भाग दाबून धरले की एकाच्या साखळ्या दुसऱ्यात शिरतात. द्रावक उडून गेला की जोड उरतच नाही, एकच तुकडा होतो. म्हणून रंगवलेल्या कडा चिकटत नाहीत, आधी रंग खरवडावा लागतो. पातळ द्राव दोन भाग जुळवून धरल्यावर फटीच्या तोंडाशी टेकवावा, केशाकर्षणाने तो आपोआप आत धावतो. जास्त घातला तर प्लॅस्टिक वितळून बोटाचा ठसा कायमचा उमटतो.

याचा पडताळा पाहायचा तर थर्मोकोलचा तुकडा घ्या. थर्मोकोल म्हणजे हवा भरून फुगवलेले पॉलिस्टायरीनच. महाराष्ट्रात २०१८ च्या बंदीपूर्वी गणपतीची मखरे याचीच होत. त्यावर ॲसिटोन असलेल्या नेलपॉलिश रिमूव्हरचे चार थेंब टाका. तुकडा बसकण मारल्यासारखा खाली जातो. खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास काडी किंवा शेगडी पेटती नको. प्रतिकृतीचा द्राव वापरतानाही हेच दोन नियम.

वैमानिकाच्या खिडक्यांना मात्र हा द्राव लावू नका. त्या पारदर्शक असल्या तरी आहेत पॉलिस्टायरीनच्याच, आणि एका थेंबाने कायमच्या आंधळ्या होतात. क्षणात चिकटणारा सायनोॲक्रिलेटचा गोंदही नको, त्याची वाफ काचेवर पांढरा धुरकट थर धरते. इथे सुतारकामाचा पांढरा डिंकच उत्तम. तो वाळल्यावर पारदर्शक होतो आणि सांडला तर ओल्या फडक्याने पुसता येतो.

जोडणीच्या तक्त्यावर नाकात काही ग्रॅम वजन भरायची सूचना असते. तिच्याकडे दुर्लक्ष केले तर तयार हेलिकॉप्टर शेपटीवर बसते. खऱ्या हेलिकॉप्टरची जड इंजिने पंख्याखाली मध्यभागी असतात, प्रतिकृतीत तिथे पोकळी असते. कोरडी जोडणी करून, म्हणजे द्राव न लावता भाग चिकटपट्टीने धरून, पट्टीच्या धारेवर गुरुत्वमध्य शोधा. समजा प्रतिकृती ८० ग्रॅमची आहे आणि गुरुत्वमध्य मागच्या चाकांच्या ५ मिलिमीटर मागे पडला. शेपटीकडचा जोर ८० गुणिले ५, म्हणजे ४००. नाकातली जागा चाकांपासून ६५ मिलिमीटर पुढे असेल तर ४०० भागिले ६५, म्हणजे सहा ग्रॅमांहून थोडे जास्त वजन हवे. आठ घाला. लोखंडी नट, छर्रे काहीही चालेल, पण अंगाचे दोन अर्धे जोडण्याआधी. नंतर वाट उरत नाही.

रंगाबद्दल थोडक्यात सांगतो. हातभर अंतरावरून, म्हणजे अर्ध्या मीटरवरून प्रतिकृती पाहणे म्हणजे ३६ मीटरवरून खरे हेलिकॉप्टर पाहणे. तेवढ्या अंतरावरून जे दिसत नाही ते रंगवायची गरज नाही. दुरून रंग थोडे फिके दिसतात, म्हणून डबीतल्या रंगात चिमूटभर पांढरा मिसळा. भारतीय चिन्ह लावायचे तर बाहेरून केशरी, मग पांढरे, केंद्रात हिरवे, हा क्रम विसरू नका. शेपटीवरची आकाशतार करायला चौकटीचा उरलेला दांडा मेणबत्तीच्या ज्योतीपासून थोडा वर धरून मऊ करावा व दोन्ही टोके संथपणे ओढावीत, केसाहून बारीक तंतू निघतो. हेही मोठ्यांच्या देखत.

आखूड पंखांखाली लावायचे गोल डबे हा शेवटचा भाग. प्रत्येक डब्याच्या तोंडावर ३२ भोके असतात आणि चार डबे मिळून १२८. बारीक सुईने ती खोल करायला तासभर लागतो. हे करताना एवढे ध्यानात ठेवा की त्यांतल्या प्रत्येक भोकातून ५७ मिलिमीटर व्यासाचा एक स्फोटक अग्निबाण सुटत असे. १९७९ ते १९८९ या काळात सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात लढले, तेव्हा ही हेलिकॉप्टरे तिथल्या दऱ्यांवर आणि गावांवर फिरली. खालच्या माणसांना त्यांचा आवाज कसा वाटत असेल याचा विचार न करता हे डबे चिकटवू नयेत असे मला वाटते. डबे न लावताही प्रतिकृती अपुरी राहत नाही, ती तळावर उभी आहे एवढेच.

त्याच कारखान्यांच्या दुसऱ्या यंत्रांची हकिगत वेगळी आहे. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, तेव्हा हेलिकॉप्टरांनी जळत्या भट्टीच्या तोंडावर वाळू, माती, शिसे आणि बोरॉन ओतले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला तिथे काम करणाऱ्या एका मि-८ ची पाती उंच यारीच्या तारांना अडकली आणि आतले चौघे गेले. २५ जून २०१३ रोजी उत्तराखंडच्या पुरातून लोकांना सोडवण्याच्या कामावर असलेले आपल्या हवाई दलाचे मि-१७ व्ही-५ गौरीकुंडाजवळ कोसळले. आत वीस जण होते, कोणी वाचले नाही. हवामान, दरी आणि पात्यांच्या टोकापलीकडचे काही हात अंतर यांवर या यंत्रांचे सारे अवलंबून असते.

ते अंतर केवढे असते हे कागदावर कळत नाही. शिक्षकांना सुचवतो की एका शनिवारी मुलांना मैदानावर न्यावे. मधोमध खुंटी ठोकून तिला ८ मीटर ६५ सेंटिमीटर लांबीची दोरी बांधा आणि फक्कीने वर्तुळ आखा. हा मि-२४ चा पंखा. कबड्डीचे १३ मीटर लांबीचे मैदान त्याच्या व्यासापुढे तोकडे पडेल. जोडलेली प्रतिकृती खुंटीपाशी ठेवा आणि वर्गातल्या सर्वांत चपळ धावपटूला त्या रेघेवरून एक फेरी मारायला सांगून वेळ मोजा. त्याला दहा सेकंद लागले तर तेवढ्यात पात्याच्या टोकाच्या चाळीस फेऱ्या झालेल्या असतात. मग दोरी १६ मीटरची करा. हा आठ पात्यांच्या मि-२६ चा पंखा, आणि तो आखायला खो-खोचे मैदानही पुरणार नाही. या यंत्राचे उड्डाणाचे कमाल वजन ५६ टन आहे. त्याच्या १/७२ प्रतिकृतीचे वजन किती यायला हवे, आणि तिचा पंखा तुमच्या बाकावर मावेल का, हे फक्कीची पिशवी परत ठेवण्याआधी मुलांकडून काढून घ्या.